पाळक आणि परके

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. कचेरीतला शेवटचा पक्षकार उठून गेला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाचे कागद आम्ही लावून ठेवीत होतो. इतक्यात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ भिजलेली छत्री दाराशी टेकवून आत आले. पोषाख साधा, बोलणे मराठवाड्याच्या वळणाचे. आमच्या हैदराबाद शहरातील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते बावीस वर्षे पाळक होते. घराणे मूळचे जालन्याकडचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचे जे गाव वसविले, त्याच्याशी आपल्या पूर्वजांचा संबंध होता, असे त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितले. मग खिशातून एक लखोटा काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवला. एका रुग्णालयाचे ते नेमणुकीचे पत्र होते. चॅपलेन म्हणून त्यांना घेण्यास रुग्णालय तयार होते, आणि अटींचा कागद सोबत जोडलेला होता.

“वकीलसाहेब, कागद कायद्याने ठीक आहे का ते पाहा,” ते म्हणाले, “आणि ठीक निघाला तर मी त्यावर सही करावी का, तेही सांगा.”

पहिल्या प्रश्नाची आम्ही फी घेतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे आम्ही त्यांस त्याच क्षणी सांगितले. परंतु ते गेले तरी त्यांचा तो दुसरा प्रश्न काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आमच्यापाशीच राहिला, आणि पुढे कित्येक दिवस त्याने आमचा पिच्छा पुरविला. ज्यांनी आपल्याला आपले म्हटले त्यांना सोडून, ज्यांनी आपल्याला बोलावलेही नाही अशा परक्यांकडे माणसाने जावे काय? आणि जावयाचेच तर कोणत्या नात्याने?

त्यांना हा विचार सुचला त्याची हकीकत त्यांनी सांगितली ती अशी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी दीर्घ आजाराने वारल्या. अखेरचे सात आठवडे त्या दोन खाटांच्या एका खोलीत होत्या. दुसऱ्या खाटेवर एक मुसलमान वृद्धा होती. तिचा मुलगा आखाती देशात नोकरीस. रात्री तिच्याजवळ कोणी नसे. एका रात्री ती कण्हत असलेली ऐकून पाळकसाहेब तिच्या खाटेशी गेले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी विचारले, “अम्मा, दुआ करूँ?” ती म्हणाली, “दुआ नक्को बाबा, खाली बैठो.”

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसास हा ‘नक्को’ परका नाही. आपलाच ‘नको’ दक्खनी बोलीत जाऊन थोडा ठसक्याने उच्चारला जातो. ‘खाली’ म्हणजे नुसते. प्रार्थना नको, नुसते बसा. पाळकसाहेब बसले. पुढे पत्नीचा डोळा लागला की रोज रात्री ते अर्धा तास त्या वृद्धेजवळ बसत. “माझ्या मंडळीत मला आजवर कोणी प्रार्थना नको म्हटले नव्हते,” ते आम्हांस म्हणाले, “आणि प्रार्थना नको असूनही थांबा, असेही कोणी म्हटले नव्हते. मी इतकी वर्षे कुणाजवळ बसत होतो आणि कुणाला नुसता भेटून येत होतो, हे मला त्या रात्री कळेना.”

चॅपलेन या शब्दास मराठीत रूढ प्रतिशब्द नाही, आणि ही उणीव केवळ भाषेची नसावी. मराठी ख्रिस्ती आपल्या धर्मगुरूस पाळक म्हणतात. मेंढपाळाच्या रूपकातून आलेला हा शब्द सुंदर आहे. पण पाळक म्हटला की त्याच्यामागे कळप आलाच. आमच्या कोंकणी वाचकांस येथील भेद अधिक लवकर उमगेल. त्यांच्याकडे इगर्ज वेगळी आणि कोपेल वेगळे. इगर्जेला विगार असतो, तिचा म्हणून एक गाव असतो, त्या गावाच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी तिच्या वह्यांत असतात. कोपेल वाड्यावर, वाटेवर किंवा डोंगरावर उभे असते, आणि त्याच्या दारात क्षणभर थांबणाऱ्यास तू कोणत्या इगर्जेचा, असे कोणी विचारीत नाही. चॅपलेन हा या कोपेलाचा माणूस.

या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास एक कथा हाती लागते. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक फ्रान्समधील आमिएँ या गावाच्या वेशीतून ऐन हिवाळ्यात जात होता. वेशीत एक उघडा भिकारी कुडकुडत बसलेला त्याने पाहिला. मार्टिनने तलवारीने आपला झगा दुभंगला, अर्धा भिकाऱ्यास दिला आणि अर्धा स्वतःच्या अंगावर ठेवला. हाच मार्टिन पुढे तूर येथील बिशप झाला आणि संतपदास पोहोचला. त्याचा झगा म्हणून जपलेले वस्त्र फ्रँक राजांच्या ताब्यात गेले. लॅटिनमध्ये त्या लहान झग्यास ‘कापेल्ला’ म्हणत. तो ज्या जागी ठेवीत ती जागा चॅपेल झाली, आणि त्याची राखण करणारे पुरोहित ते चॅपलेन. राजे लढाईवर निघाले म्हणजे हा झगा छावणीबरोबर नेत, आणि त्यावर हात ठेवून शपथा घेववीत.

म्हणजे या पदाच्या मुळाशी दोन माणसे उभी आहेत, एक थंडीने कुडकुडणारा भिकारी आणि दुसरा फौज घेऊन निघालेला राजा. झगा फाडला गेला तो पहिल्यासाठी. जपला गेला तो दुसऱ्याने. चॅपलेनच्या पदाविषयी पुढे जे जे वाद झाले, ते या दोघांपैकी तो कोणाचा, या एकाच प्रश्नाचे वाद होत, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात हे पद आले ते राजाच्या बाजूने. १६९८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीवर अशी अट घातली की तिने आपल्या ठाण्यांत आणि मोठ्या वखारींत धर्मोपदेशक ठेवावा, तसेच पाचशे टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर चॅपलेन न्यावा. कंपनीने अट मोडली नाही. ४९९ टनांची जहाजे भाड्याने घेण्याचा शहाणपणा मात्र दाखविला. कायद्याचे शब्द पाळून त्याचा हेतू बुडविण्याची ही कला आमच्या धंद्यात अनोळखी नाही, म्हणून आम्ही कंपनीस हसण्याचे धाडस करीत नाही. पुढे छावण्या वाढल्या तशी गोऱ्या फौजेसाठी चर्चेही उभी राहिली. सिकंदराबादचे सेंट जॉन्स चर्च १८१३ चे, बोलारमचे होली ट्रिनिटी १८४७ चे. १९३५ च्या कायद्यात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांच्याबरोबर धर्मखातेही गव्हर्नर जनरलने स्वतःच्या हाती राखले, आणि त्यावरील खर्चाची वर्षाची मर्यादा, निवृत्तिवेतने सोडून, ४२ लाख रुपये ठरविली. स्वातंत्र्याबरोबर ते खाते संपले. आजच्या भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू यांना धर्मशिक्षक म्हणून नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर घेतात. पण तेथील भरतीच्या वयाची मर्यादा आमच्या पाहुण्यांनी कधीच ओलांडली होती. त्यांच्यापुढे उरला होता तो रुग्णालयाचाच मार्ग, म्हणजे भिकाऱ्याच्या बाजूचा.

या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या पाळकावर तीन आक्षेप येतात. तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप त्यांच्याच मंडळीने घेतला. बावीस वर्षे ज्यांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला आणि ज्यांच्या वडिलांना मूठमाती दिली, त्यांना उतारवयात टाकून हे निघाले कोठे? पाळकसाहेबांनी शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचा आधार घेतला. नव्याण्णव मेंढरे ठेवून एकाच्या शोधास जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट त्यांनी मंडळीच्या पंचांना सांगितली. त्यावर एक वयोवृद्ध पंच म्हणाले, “ते हरवलेले मेंढरू त्याच कळपातले होते, पाळकसाहेब. तुम्ही जाता आहात ते दुसऱ्यांच्या मेंढरांकडे.” हा युक्तिवाद आम्ही ऐकला तेव्हा अशा माणसाने वकिली केली नाही याची आम्हांस हळहळ वाटली.

तथापि तो निर्णायक नव्हे. माणूस रोगाने खाटेस खिळला की तो पुष्कळदा कोणाच्याच कळपात राहत नाही. याचे उदाहरण आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानातच आहे. १९०७ साली रेव्हरंड जॉर्ज कर आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर इझाबेल कर हे वेस्लियन मिशनतर्फे येथे आले. १९११ साली निजामाबादेस त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम आरंभिले, आणि १९१५ पासून डिचपल्ली येथे मोठे कुष्ठालय उभे राहिले. नरसा गौड या हिंदू दानशूराने त्यासाठी पैसा दिला. मुसलमान राजाचे राज्य, हिंदू दात्याचा पैसा आणि ख्रिस्ती डॉक्टरीण! तेथे येणारा रोगी हिंदू होता की मुसलमान, या प्रश्नास फारसा अर्थ उरला नव्हता, कारण हिंदूंनीही त्यास बाहेर घातले होते आणि मुसलमानांनीही. दुसऱ्याचे मेंढरू म्हणावे तर तो दुसरा कोठे दिसत नव्हता.

आणि मराठी ख्रिस्ती समाजाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण कसे विसरता येईल? १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांनी बहुतेक आयुष्य मिशनच्या आश्रयाने काढले. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते निवर्तले. तो दरबार फार वाढला नाही. पण आयुष्यभर कुंपणाच्या आत काम केलेल्या माणसास शेवटी कुंपणाच्या दारातच जाऊन बसावेसे वाटले, ही गोष्ट कार्य किती वाढले यावर अवलंबून नाही.

पाळक हा मंडळीची मालमत्ता नव्हे. मात्र एक ऋण त्याच्यावर राहते. आम्हां वकिलांस असा नियम आहे की एकदा घेतलेला खटला पुरेशा कारणाविना आणि पक्षकारास पुरेशी सूचना दिल्याविना सोडू नये. भर सुनावणीत उठून जाणे हा अपराध. दुसऱ्याच्या हाती कागद नीट सोपवून जाणे हा अपराध नव्हे. पाळकासही याहून निराळा न्याय लावता येणार नाही. कोणत्या घरात कोण खचलेले आहे, कोणाचा मुलगा वाईट संगतीस लागला आहे, हे जे त्याच्या एकट्याच्या मनात साठले आहे, त्याची जबाबदारी घेणारा कोणी तयार होईपर्यंत त्याने थांबावे. मग त्यास जाण्याची मोकळीक आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो बाहेरचे लोक घेतात. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे जाऊन देवाधर्माचे बोलणे म्हणजे त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेणे नव्हे काय? आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. परंतु १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगणे हा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नव्हे, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य ऐकणाऱ्यासही तितकेच आहे. त्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली आहे, आणि तिच्यातील काही आम्हांस पटतेही. पण निर्णय बाजूस ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. चौकात उपदेश ऐकणारा माणूस पाठ फिरवू शकतो. खाटेवरच्या माणसाची पाठ गादीस टेकलेली असते. चौकातील हक्क वॉर्डात जसाच्या तसा नेता येत नाही.

मग वॉर्डात किंवा तुरुंगात धर्माचे बोलणे मुळीच होऊ नये काय? तसेही नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा तयार झाला. तुरुंगातील ऐकणारे तर अक्षरशः कोंडलेले होते. तरीही त्या प्रवचनांत जुलूम होता असे कोणास वाटत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. बोलणाराही कैदीच होता. दार त्यालाही बंद होते. दुबळेपणा दोन्हीकडे सारखा असला म्हणजे बोलण्यात जुलूम राहत नाही.

पाश्चात्त्य देशांत रुग्णालयांतील पाळकांना जे पद्धतशीर शिक्षण देतात, त्याच्या आरंभीही असाच एक माणूस आहे. अमेरिकेतील अँटन बॉइसन हा काही वर्षे खेड्यांतील चर्चमध्ये पाळक होता. १९२० साली त्यास मनोविकाराचा तीव्र झटका आला आणि वेड्यांच्या इस्पितळात त्याने सव्वा वर्षाच्या आसपास काढले. तेथून बाहेर पडल्यावर त्याने जे मागितले ते चमत्कारिक होते. त्यास तशाच इस्पितळात परत जावयाचे होते, चॅपलेन म्हणून. १९२४ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाने त्यास नेमले, आणि पुढल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी तेथे आणून बसविले. ग्रंथ जसा वाचतात तसा रोगी वाचावा, त्यास शिकवावयास जाऊ नये, अशी त्याची शिकवण होती.

आमच्या पाहुण्यांची बावीस वर्षे येथे एका अर्थी त्यांच्या आड येणारी होती. अनुभवी पाळक म्हणजे ज्यास प्रत्येक प्रसंगी काय बोलावे हे ठाऊक आहे असा माणूस. मृत्यूच्या घरी कोणते वचन म्हणावे, कर्जबाजाऱ्यास काय सांगावे, हे त्याच्या जिभेवर असते. खाटेशी मात्र हे सारे भांडवल पेटीत बंद ठेवावे लागते. व्यासपीठावरचा माणूस वरून बोलतो आणि लोक ऐकतात. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेला माणूस तेथे असतो तो केवळ परवानगीने, आणि ती परवानगी घटकेघटकेस परत घेता येते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आमच्या मते एवढेच की, ज्या चॅपलेनला रोगी निर्धास्तपणे ‘नक्को’ म्हणू शकतो, आणि जो तो ‘नक्को’ ऐकूनही रागावत नाही, हिरमुसत नाही, आणि बसा म्हटल्यास बसतो, त्याच्याकडून जुलूम होण्याची भीती नाही. मार्टिनने झगा अर्धा ठेवला होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. चॅपलेनने आपला धर्म टाकावा असे कोणी म्हणत नाही. तो त्याच्या अंगावर असलाच पाहिजे, नाहीतर तोही गारठेल. पण दुसऱ्यास द्यावयाची ती ऊब. भिकाऱ्याने झगा घेतला म्हणून तो रोमन सैनिक झाला नाही.

तिसरा आक्षेप पगाराचा. पैसे घेऊन केलेले सांत्वन ते काय सांत्वन, असे लोक विचारतात. या आक्षेपास आम्ही भीत नाही. परिचारिका पगार घेते म्हणून तिचा हात खोटा ठरत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. पगार रोगी देत नाही, संस्था देते; तेव्हा चॅपलेन कोणाचा? रोग्याचे आणि संस्थेचे हित जेथे फुटेल तेथे तो कोठे उभा राहील? हा पुन्हा भिकारी आणि राजा यांचाच प्रश्न झाला, आणि अटींच्या त्या कागदात तो नवव्या कलमाच्या रूपाने आमच्यापुढे आला.

चौथे कलम धर्मांतराविषयी काही न बोलण्याचे होते. त्यास पाळकसाहेबांची हरकत नव्हती. नवव्या कलमात असे होते की चॅपलेनने रोज प्रत्येक रोग्याशी झालेल्या संभाषणाचा सारांश एका नोंदवहीत लिहावा आणि ती वही व्यवस्थापकांपुढे ठेवावी. कलम वाईट हेतूने घातले होते असे आम्ही म्हणणार नाही. आजकाल प्रत्येक कामाची नोंद मागण्याची रीतच आहे. पण मरणाच्या दारातला माणूस काय काय बोलतो! भावाची जमीन आपण कशी लाटली, पहिल्या बायकोस आपण कसे टाकले, हे तो सांगतो ते वहीत चढावे म्हणून नव्हे.

येथे कायद्याची स्थिती पुष्कळांस माहीत नसते, म्हणून सांगतो. अशिलाने वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करण्यास वकिलास भाग पाडता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. नवराबायकोच्या बोलण्यासही संरक्षण आहे. धर्मगुरूस मात्र नाही, डॉक्टरासही नाही. अमेरिकेत १८१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात हा प्रश्न आला होता. चोरीचा माल पापनिवेदनाच्या मार्गाने फादर कोलमन यांच्याकरवी मालकास परत मिळाला. चोर कोण हे सांगण्यास फादरनी नकार दिला, आणि न्यायालयाने त्यांचा नकार मान्य केला. त्यांच्या बाजूने बोलणारा वकील विल्यम सॅम्प्सन हा स्वतः प्रॉटेस्टंट होता. १८२८ साली त्या राज्याने तसा कायदाही केला. आपल्याकडे तसे काही झालेले नाही. उलट, काही गोष्टी लपविणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो असावाच. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा अपराध ज्यास कळला त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. तेथे झग्याचाही आडोसा नाही, आणि मुलाच्या जिवापुढे कोणाच्याही गुपिताची किंमत आम्ही अधिक धरणार नाही.

आम्ही त्यांस सल्ला दिला तो असा. नवव्या कलमाऐवजी एवढेच लिहून मागावे की वहीत भेटीची तारीख आणि वेळ नोंदली जाईल. बोलणे नोंदले जाणार नाही. मात्र रोग्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका दिसल्यास चॅपलेन डॉक्टरांस सांगेल. आणि दुसरे असे की कायदा जे वचन पाळू देणार नाही ते त्यांनी रोग्यास देऊ नये. माणूस मन मोकळे करू लागण्यापूर्वीच त्यास सांगावे की अमुक गोष्टी माझ्याजवळ गुप्त राहू शकणार नाहीत.

“असे अगोदर सांगितले तर पुष्कळजण बोलणारच नाहीत,” आम्ही म्हणालो.

“मग गप्प बसतील,” पाळकसाहेब म्हणाले. “मीही बसेन.”

त्यांच्या या उत्तराने आम्हांस आमच्याच आयुष्यातील एक प्रसंग आठवला, आणि तो सांगितल्यावाचून हा निबंध पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आमचा एक अशील कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. त्याच्या भेटीस आम्ही अनेक वेळा गेलो, कारण त्याचा खटला गुंतागुंतीचा होता. अशा एका भेटीत कागदांवर सह्या झाल्या, आम्ही उठलो, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, दोन मिनिटे बसाल का?” काही विचारावयाचे आहे काय, असे आम्ही म्हटले. नाही म्हणाला. आम्ही घड्याळ पाहिले. दुसरे काम होते. पुढच्या वेळी, असे सांगून आम्ही निघालो. त्याचा जामीन आम्ही मिळवून दिला. तो सुटूनही आला. पण सुटल्यावर तो आमच्याकडे पुन्हा कधी आला नाही, आणि त्या दोन मिनिटांत त्याला काय हवे होते हे आम्हांस कळले नाही. वकील म्हणून आमची कसूर काहीच नव्हती.

आपल्या समाजात असे बसणारे पद कधी निर्माण झाले नाही, कारण त्याची गरज नव्हती, असे म्हणतात. रोग्याभोवती नातलगांचा गराडा असे. परक्या गावी गेलेले लोकही आपापली सोय करीत. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या खलाशांनी आपापल्या गावांच्या कुडी स्थापल्या, तेथे पेट्या ठेवण्यास जागा असे आणि तितकीच अगत्याची अशी वेदीही असे. रात्रीचा तेर्स म्हणण्यास पाद्री लागत नसे. पण गराडा आता विरळ झाला आहे. आमच्या शहरात मुसी नदीच्या एका काठावर हायकोर्टाची आणि दुसऱ्या काठावर उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत समोरासमोर उभी आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला तेव्हा रुग्णालयाच्या त्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. नदीच्या अलीकडे माणसे न्याय मागावयास येतात, पलीकडे औषध मागावयास. दोन्हीकडे आम्ही अशी माणसे पाहिली आहेत की ज्यांची मुले परदेशात असतात, जे मिळालेच तर कागदावर मिळते, आणि ज्यांच्याजवळ काही न मागता, काही न सांगता बसणारे कोणी नसते. हे काम ख्रिस्ती पाळकाने करावे तसे ते वारकऱ्याने करावे, मौलवीने करावे, देव न मानणाऱ्याने करावे. करणाऱ्याचा धर्म कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. त्याला ‘नक्को’ ऐकता येते की नाही, हा पहिला.

रुग्णालयाने बदल मान्य केला. सुधारलेला कागद घेऊन पाळकसाहेब दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे आले आणि आमच्यादेखत त्यांनी सही केली. मंडळीने त्यांस मोकळे केले होते. नवा पाळक येईपर्यंत सहा महिने थांबण्याचे त्यांनी कबूल केले होते. निरोपाच्या सभेत पंचांचे समाधान झाले की नाही हे आम्ही विचारले नाही. त्यांनीच एक गोष्ट सांगितली. सभा संपल्यावर मंडळीतील एक म्हातारी बाई त्यांच्याजवळ आल्या. त्यांच्या घरी पाळकसाहेब वीस वर्षे जात होते. त्या म्हणाल्या, “जा बाबा. पण मी त्या दवाखान्यात आले तर माझ्याकडेही परक्यासारखेच या. मलाही कधीकधी प्रार्थना नको असायची. तुम्ही आमचे म्हणून बोलता येत नव्हते.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” आम्ही विचारले.

“काही नाही,” ते म्हणाले. “त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलो.”